टाकीपासून अकरा पावलं

अंगावर ॲसिड पडलं की आधी कपडे काढायचे. औषध नंतर, डॉक्टर नंतर, साहेबांना फोन तर सगळ्यात शेवटी. एकतीस वर्षं मी हे वाक्य कामगारांपुढे बोलत आले आणि एकतीस वर्षं पुरुषमाणसं ते ऐकताना जमिनीकडे बघत आली. कारण बोलणारी बाई होती.

मी कंपनीतली नर्स. आधी भोसरीला आणि कंपनी हलली तशी पुढे चाकणला. माझं सासर मोशीचं. सासरे जिथे वांगी लावायचे तिथे आता इमारती उभ्या आहेत, आणि त्यातल्याच एकीत सातव्या मजल्यावर आम्ही राहतो. आमच्या कंपनीत गाड्यांच्या बोल्टांना आणि पट्ट्यांना जस्ताचा मुलामा चढवत. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर काम भांडी घासण्यासारखंच. तेलकट लोखंड आधी गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवायचं, म्हणजे तेल सुटतं. मग पाण्यात. मग ॲसिडच्या टाकीत, म्हणजे गंज सुटतो. पुन्हा पाण्यात, आणि शेवटी मुलाम्याच्या टाकीत. फरक इतकाच, की इथे घासणाऱ्याचं कातडंही निघू शकतं.

लोकांना ॲसिडची भीती वाटते. वाटायलाच हवी. पण ॲसिड पडल्या पडल्या चावतं. माणूस ओरडतो, पळतो, पाण्याखाली जातो. कॉस्टिकचं तसं नाही. ते बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं. माणूस पँटला हात पुसतो आणि पुढच्या कामाला लागतो. तासाभराने "सिस्टर, जरा चुरचुरतंय," म्हणत माझ्या खोलीत येतो, तेव्हा आत किती खोल गेलंय ते मला दिसत असतं आणि त्याला अजून पत्ता नसतो. तेच डोळ्यात गेलं तर तासाची गोष्टच सोडा, अर्धं मिनिटसुद्धा फार झालं.

यावर औषध एकच, ते म्हणजे पाणी. भरपूर, वाहतं, निदान वीस मिनिटं. यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. एवढं मोठं दुखणं आणि सिस्टर नुसतं पाणी मारतेय म्हणजे हिला काही येत नाही, असं आमच्याकडे सरळ बोललं जायचं. मग माणसं स्वतःची अक्कल चालवत. टूथपेस्ट फासून आलेले मी पाहिले, हळद भरून आलेले पाहिले. एक आयटीआय शिकलेला हुशार तर ॲसिडने भाजलेल्या हातावर कॉस्टिकचं पाणी ओतून आला होता. म्हणाला, "दोन्ही मिळून मीठ होतं ना सिस्टर?" झालंही असेल मीठ, पण ते जखमेवर झालं.

कपड्यांचं सांगत होते. नांदेडकडचा सखाराम म्हणून एक कामगार होता. ॲसिडचा कॅन कलंडून त्याच्या दोन्ही मांड्यांवर सांडला. पळत तो बरोबर शॉवरखाली गेला. आमच्या मुलाम्याच्या खात्यात मधोमध एक मोठा शॉवर होता; त्याचं हँडल खाली ओढलं की डोक्यावर बादल्यांनी ओतावं तसं पाणी येई. हे सगळं सखारामने केलं, पण पँट काही सोडेना. दोन्ही हातांनी कमरेला घट्ट धरून उभा. मी धावत गेले, ओरडले, "काढ ती आधी."

"सिस्टर, तुमी भाईर जावा."

"मी तिकडे तोंड करते. तू काढ."

"न्हाई, तुमी भाईर जावा."

ॲसिड प्यालेली पँट मांडीला चिकटून होती आणि हा लाजत होता. शेवटी दोघांना त्याचे हात धरायला लावून मी कात्रीने पँट फाडली. तेव्हा तो रडला. भाजल्याचं रडणं आणि लाजेचं रडणं यातला फरक एव्हाना मला कळत होता. तो त्यानंतर माझ्या खोलीत कधी आला नाही. पट्टी बदलायलासुद्धा बाहेर दवाखान्यात जायचा.

त्या आठवड्यात मी घरून माझी जुनी हिरवी साडी आणली आणि शॉवरभोवती तारेवर पडदा केला. माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा शोध म्हणजे तो पडदा. त्यानंतर कुणीही कपडे काढायला मागेपुढे पाहिलं नाही. पुढे परदेशातल्या गिऱ्हाइकाचं ऑडिट आलं, आणि साहेबांनी पडदा उतरवला. कंपनीच्या नकाशात शॉवर होता, साडी नव्हती. मी भांडले. माझ्या नावावर एवढी भांडणं जमा आहेत, की पुढे जे झालं तेव्हा मी का गप्प बसले याचं मलाच आश्चर्य वाटतं.

पडदा गेला तेव्हा मी दुसरं काहीतरी शोधलं. डोळ्यात काही उडालं की माणूस आंधळा होतो. त्या क्षणी शॉवर दिसत नाही, तो ठाऊक असावा लागतो. म्हणून मी एकेका कामगाराच्या डोळ्यांवर बँडेज बांधून त्याला टाकीपासून शॉवरपर्यंत चालायला लावू लागले. कॉस्टिकच्या टाकीचा कठडा डाव्या हाताला ठेवायचा, अकरा पावलं टाकायची, थांबायचं, उजवा हात वर करायचा, ओढायचं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हा कार्यक्रम. सुरुवातीला सगळे हसत होते. "सिस्टर, आंधळी कोशिंबीर कवा?" म्हणून विचारत. पण शिकले. पुढे ऑडिटवाल्यांनाही साहेब ते दाखवायला लागले, आणि त्याबद्दल कंपनीने मला शाल-श्रीफळ दिलं. ती शाल मी मिरवली, खोटं कशाला बोलू.

या कवायतीत सगळ्यात तरबेज होते ज्ञानोबा. नाव बदललंय. राजगुरुनगरच्या पलीकडच्या एका गावचे, घरी थोडी शेती, बारा वर्षं कॉस्टिकच्या टाकीवर. मोठी थट्टेखोर स्वारी. डोळे बांधून अकरा पावलं जायचे, हात वर करायचे, आणि हँडलला न लावता नमस्कार करून म्हणायचे, "बोला सिस्टर, ह्या देवाला नारळ कवा फोडायचा?"

नारळ खरंच फुटायचा. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होत असे. टाक्या धुऊन काढायच्या, माल उचलणाऱ्या होइस्टला, कंप्रेसरला झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, पेढे. त्या दिवशी कामगारांच्या बायकामुलांना कंपनी बघायला बोलवत. नवरा रोज कुठे जातो ते बायकोला वर्षातून एकदा दिसायचं. ज्ञानोबांची शालन पहिल्यांदा आली तेव्हा टाकीजवळच्या वासाने नाकाला पदर लावून उभी राहिली आणि म्हणाली, "ह्याच वासात जेवता व्हय तुमी?"

एका खंडेनवमीला कुणाच्या तरी मुलाने शॉवरच्या हँडलला लोंबकळून घेतलं. पाणी धबाधबा कोसळलं आणि खाली उभ्या असलेल्या साहेबांच्या मिसेस पैठणीसकट नखशिखांत भिजल्या. सगळे तोंड दाबून हसले. साहेब हसले नाहीत. पुढच्या वर्षी पूजेच्या सकाळी ते मला म्हणाले, "सिस्टर, ते हँडल वर बांधून टाका. पूजा झाली की सोडा."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. टाक्या बंद होत्या, काम बंद होतं, दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. ॲप्रनच्या खिशात बँडेजचा रोल होता. स्टुलावर चढून हँडलचा दांडा वरच्या पाइपला चार वेढे देऊन बांधला आणि आम्हाला शिकवतात ती, ओढली की आणखी आवळणारी गाठ मारली. ते पांढरं बँडेज विचित्र दिसत होतं म्हणून त्यावरून एका मुलीने झेंडूची माळ गुंडाळली. फार छान दिसतंय, असं मीच म्हणाले.

पूजा झाली, पेढे झाले, बसेस सुटल्या. मी खोलीला कुलूप लावलं आणि घरी गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट. दोन दिवस टाकी थंड पडलेली होती. ती पुन्हा तापवायला घेऊन ज्ञानोबा त्यात कॉस्टिकच्या पापड्या टाकत होते. पोत्याला दमट हवा लागलेली असली की पापड्यांचा दगड होतो. थोडं थोडं पडायचं ते एकदम ढेकळासारखं पडलं आणि टाकीतलं पाणी एकदम उकळून तोंडावर उसळलं. गॉगल त्यांनी कपाळावर सरकवलेला होता, कारण वाफेने काच धुरकटली की पाण्याच्या पातळीची खूण दिसत नाही. सगळेच सरकवायचे. हे मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, भिंतीवर लावलेल्या पाटीलाही माहीत असेल.

त्यानंतर त्यांनी काय केलं ते पलीकडच्या टाकीवरच्या माणसाने मला सांगितलं. ओरडले नाहीत. कठडा डाव्या हाताला घेतला. मोजत गेले, तोंडाने मोजत. थांबले. उजवा हात वर केला. हँडल हातात आलं. ओढलं. पुन्हा ओढलं. दोन्ही हातांनी लटकले. हातात झेंडूची फुलं कुस्करून आली, पाणी आलं नाही. मग त्यांना वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी आलो. म्हणून तिथून पुढे गेले, चाचपडत, भिंतीपर्यंत. पलीकडचा माणूस टाकीला वळसा घालून पोचेपर्यंत आणि त्यांना धरून माझ्या खोलीत आणेपर्यंत जो वेळ गेला, तो मी त्यानंतर कित्येकदा घड्याळ लावून चालून पाहिला आहे.

खोलीत मी त्यांचे डोळे धरून उघडे ठेवले आणि पाणी सोडलं. अर्धा तास. ते सारखं एकच म्हणत होते, "सिस्टर, मला सापडलं न्हाई. मोजलं व्हतं मी, पर सापडलं न्हाई." मी म्हणाले, "बोलू नका." ॲम्ब्युलन्स त्यांना घेऊन गेली. मग मी खात्यात गेले, का सापडलं नाही ते बघायला. सुकलेली माळ खाली ओघळली होती आणि माझं बँडेज दिसत होतं. त्यांनी ओढल्यामुळे गाठ आणखी आवळली होती.

साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. हळूच म्हणाले, "सिस्टर, कात्री आहे ना?"

होती. मी स्टुलावर चढले, बँडेज कापलं, घडी करून खिशात घातलं. कुणी जबरदस्ती केली नाही. या जागी मी लिहू शकले असते की साहेबांनी धमकावलं, आणि साहेब काही ते खोडून काढायला येणार नव्हते. पण त्यांनी फक्त कात्री आहे का एवढं विचारलं.

चौकशीला फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. सज्जन गृहस्थ, घाई नव्हती त्यांना. साहेबांनी त्यांच्यासमोर हँडल ओढून दाखवलं. पाणी धबाधबा आलं. इन्स्पेक्टरांनी मला विचारलं, "कामगाराला प्रशिक्षण दिलं होतं?"

"दर महिन्याला. डोळे बांधून."

"मग तो पोचला कसा नाही?"

इथे मला खरं बोलता आलं असतं. सगळं तोंडात होतं. पण मनात काय आलं ते सांगते. नोकरी जाईल हे आलंच. त्याहून मोठं म्हणजे, ती शाल मिळालेली सिस्टर, अकरा पावलांची सिस्टर, तिनेच हँडल बांधलं आणि सोडायला विसरली, हे चाकणपासून मोशीपर्यंत सगळ्यांना कळेल, हे आलं. मी म्हणाले, "डोळ्यात गेल्यावर माणूस घाबरतो साहेब. गोंधळला असेल."

त्यांनी ते लिहून घेतलं. अहवालात दोनच कारणं आली. गॉगल जागेवर नव्हता, आणि कामगार गोंधळून शॉवरपर्यंत पोचू शकला नाही. पलीकडच्या टाकीवरचा माणूस ठेकेदाराचा होता. त्याला कुणी काही विचारलंच नाही, आणि महिन्याभरात तो दिसेनासा झाला.

ज्ञानोबांचा उजवा डोळा गेला. डाव्याने उजेड आणि हालचाल कळते, माणसाचा चेहरा कळत नाही.

याच्या पुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातंय. पुढच्या वर्षी सुरक्षा सप्ताहात कंपनीने ज्ञानोबांना भाषणाला बोलावलं. काळा चष्मा, नवा पांढरा शर्ट, धाकट्या भावाने हात धरून व्यासपीठावर आणलेले. ते म्हणाले, "मित्रांनो, सिस्टरनी समदं शिकवलं व्हतं. चूक माझी हाय. मी घाबरलो. माझ्यासारखं करू नका." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. त्यांना शाल दिली, बहुतेक माझ्याच शालीच्या गठ्ठ्यातली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत नव्या कामगारांना शिकवताना मला त्यांचं उदाहरण द्यावं लागे. एक कामगार होता, त्याला अकरा पावलं पाठ होती, पण ऐन वेळी तो घाबरला. हे मी इतक्या वेळा सांगितलं, की अधूनमधून मलाच ते खरं वाटायचं.

निवृत्त होऊन सातव्या मजल्यावर बसले आणि ते वाटणं बंद झालं.

या दिवाळी अंकासाठी तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा, असा निरोप आला. मी नांदेडच्या सखारामपासून सुरुवात केली, साडीच्या पडद्यापर्यंत छान मजेत आले आणि अडकले. ज्ञानोबांना न सांगता हे छापलं तर तो दुसरा गुन्हा होईल. म्हणून गेल्या महिन्यात एका सकाळी बस धरून राजगुरुनगरला गेले आणि तिथून रिक्षाने त्यांच्या गावी.

ओसरीत खाटेवर बसले होते. आवाजावरून ओळखलं. "सिस्टर? आगं शालन, कोण आलंय बघ. च्या ठेव." शालन बाहेर आली, पाणी दिलं, किती वाळलात म्हणाली, आणि चहा ठेवून परत येऊन उंबऱ्यात बसली. आता सांगितलं नाही तर चहा पिऊन उठेन हे मला ठाऊक होतं, म्हणून मी पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत बोलायला लागले. खंडेनवमी, बँडेज, माळ, कात्री, इन्स्पेक्टर. काहीच गाळलं नाही. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

ज्ञानोबा ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "म्हंजी माझा हात हँडलवरच पडला व्हता?"

"हँडलवरच."

"पावलं बरोबर व्हती?"

"बरोबर होती. सगळं बरोबर केलंत तुम्ही."

"पयल्याच झटक्याला?"

"पहिल्याच."

त्यांनी उजवा हात किंचित वर केला, पुन्हा मांडीवर ठेवला आणि हसले. रागाने हसले असते तर मला चाललं असतं. शिव्या दिल्या असत्या तर त्या घ्यायलाच मी गेले होते. पण ते एखादा पेपर पास झाल्यासारखे हसले. "मी मोजलं व्हतं," म्हणाले, "मला वाटायचंच, मी मोजलं व्हतं."

शालन हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. डोळ्याला डोळा भिडवून, नवऱ्याला आता जमत नाही तसं. म्हणाली, "सिस्टर, मी ह्यांना लई बोललेय. भांडान झालं की बोलायची. भाकरी पुढ्यात सरकवतानासुद्दा बोलायची, साधं एक हँडल घावलं न्हाई तुमाला, म्हून. पोरांच्या म्होरं बोलायची. एक दिस सोडला न्हाई. आन् ह्ये ऐकून घ्यायचे." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी तुमचं सांगून मोकळ्या झाला. माझं त्येवढं माघारी घिऊन जाताय का?"

ज्ञानोबा म्हणाले, "शालन, जाऊ दे."

ती उंबऱ्यातून हलली नाही. आत चहा उतू गेल्याचा वास आला, मग करपल्याचा. शालन बसून राहिली, मीही बसून राहिले. शेवटी ज्ञानोबा खाटेवरून उठले आणि भिंतीला हात लावत गॅस बंद करायला आत गेले.